पस्तीस सेंटिमीटरची भिंत

१

ओली भिंत सुकवायची तर घाई चालत नाही, हे मी गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगून टाकते. कुणाचा नळ फुटलेला असतो, कुणाच्या गच्चीतून पाणी झिरपलेलं असतं. लोकांना वाटतं दोन पंखे लावले, हीटर लावला की काम झालं. तसं केलं की गिलाव्याचे पापुद्रे निघतात आणि आतली ओल जिथल्या तिथे बसून राहते.

भिंत दिसायला भरीव असते, पण असते सगळी बारीक बारीक भोकांची. सुरुवातीला ही भोकं आतलं पाणी ओढून वर आणून देत राहतात. भिंत हाताला थंड लागते आणि हवेतली ओल शोषणाऱ्या आमच्या मशीनच्या बादलीत रोज जवळपास तेवढंच पाणी जमतं. मग एक दिवस आतून पुरवठा कमी पडतो. वरचा थर कोरडा होतो, रंग उजळतो, लोक खूश होतात. खरं काम तिथून पुढे असतं. ओल आत सरकायला लागते. कोरडं जिथे संपतं आणि ओलं सुरू होतं, त्या जागेला आम्ही काठ म्हणतो. शब्द आमच्या बाबांचा. ते गिलाव्याचं काम करायचे.

काठ जितका आत जातो तितका मंदावतो, कारण वाफेला बाहेर यायची वाट लांबत जाते. पहिले दोन-तीन दिवस भराभर, मग रोज जरा कमी, शेवटी दिवसाला एखादा दाणाभर. वीस वर्षांत मी याला अपवाद पाहिला नव्हता.

हे काम मी आणि माझा मोठा भाऊ मिळून करतो. दादा भोकं पाडतो, मशीन उचलतो आणि बोलतो. मी आकडे घेते. मी पंचेचाळिशीची आहे, दोन मुलांची आई आहे, तरी दादा मला गिऱ्हाइकासमोरसुद्धा चिमे म्हणतो.

२

सिस्टरांची खोली तळमजल्यावर होती. त्या अडतीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होत्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी सगळी इमारत त्यांना सिस्टरच म्हणायची. गावी तीन दिवस गेल्या आणि मागे भिंतीतला पाइप फुटला. परत आल्या तेव्हा जिन्याकडची भिंत छतापासून खालपर्यंत काळी पडली होती.

"मला पाच आठवडे आहेत," त्यांनी दारातच सांगितलं. "लेक बाळंतपणाला येतेय. पाळणा या भिंतीलाच लावावा लागेल, समोरच्या भिंतीला खिडकी आहे."

"पाच आठवड्यांत दोन भिंती सुकवून देतो," दादा म्हणाला. "एक तुमची, एक बोनस."

सिस्टर हसल्या नाहीत, पण दादासाठी चहा टाकला.

खोली लहान होती. एक लोखंडी खाट, एक कपाट, खिडकीबाहेर फरशी घातलेलं मागचं अंगण. खोलीचं दार त्याच ओल्या भिंतीत होतं आणि जिन्याच्या पायथ्याशी उघडायचं, त्यामुळे चौकटीपाशी भिंतीची जाडी सरळ दिसत होती. मी टेप लावला. पस्तीस सेंटिमीटर. जिन्याच्या बाजूला चकचकीत तेलरंग होता, म्हणजे तिकडून पाणी जायला वाव नव्हता. जे काय जायचं ते खोलीकडूनच.

पाइप बदलून झाला होता. आठ दिवस बादली रोज सारखीच भरली. नवव्या दिवशी भिंत उजळली. दादाने छातीच्या उंचीवर पेन्सिलीएवढं भोक पाडलं, तेहेतीस सेंटिमीटर खोल. पुढे गेलं तर जिन्यातला रंग फुटला असता. मी मोजायची सळई आत घातली. तिच्या टोकाला ओल कळते.

काठ तीन सेंटिमीटरवर होता. दुसऱ्या दिवशी पाच. मग आठ. मग चौदा.

मी सळईची बॅटरी बदलली. मग बावीस आले. मग एकतीस.

"बरंच आहे की," दादा म्हणाला. "लवकर सुटू."

"दादा, हा मंदावत नाहीये."

"तुला कधी कुणी लवकर काम संपवलं तर चाललंय का, चिमे?"

३

पंधराव्या दिवशी सकाळी मी सळई घातली आणि ती थांबली नाही.

सळई अर्ध्या मीटरची आहे. भोक तेहेतीसचं होतं. माझी मूठ गिलाव्याला टेकेपर्यंत ती आत गेली. अगदी शेवटी, अठ्ठेचाळीसवर, सळईच्या मीटरचा काटा हलला. ओल.

"पार गेलं वाटतं भोक," मी म्हटलं. "जिन्यात जाऊन बघ."

दादा बाहेर गेला. त्याच्या चपलांचा आवाज जिन्यात घुमला, मग थांबला. मी सळई मागे-पुढे करत राहिले.

"कर ना," तो बाहेरून म्हणाला.

"करतेच आहे."

त्याच्या चपला परत वाजल्या. मग आत आला. "रंग धड आहे. चरासुद्धा नाही. मी हात लावून उभा होतो."

आम्ही चौकटीपाशी पुन्हा टेप लावला. पस्तीस. वर लावला, खाली लावला. दादाने टेप उलटा धरून मोजला, जणू टेपच खोटं बोलत असेल. पस्तीस.

मी माझ्या मनाशी कारणं लावून पाहिली. सळई आत वाकली असेल, विटांच्या सांध्यातून खाली उतरली असेल. म्हणून मी ताठ पोलादी कांब मागवली. ती वाकत नाही. ती सरळ गेली आणि सरळ बाहेर आली. तिच्यावर धूळ होती, विटेची लाल. पहिल्या पस्तीस सेंटिमीटरपर्यंत. त्यापुढे कांब स्वच्छ होती.

४

गटारं साफ करायच्या बारीक कांबी असतात, एकीला एक जोडत जायच्या. दादाने एक-एक मीटरच्या सात आणल्या, आणि मी सळईचं टोक त्यातल्या पहिल्या कांबीला बसवलं.

नव्वद सेंटिमीटर. दुसऱ्या दिवशी एक मीटर चाळीस. मग दोन मीटर तीस. मग साडेतीन.

जिन्याच्या पलीकडे रस्ता होता. साडेतीन मीटर म्हणजे आमची कांब जिना ओलांडून रस्त्याच्या मध्यावर असायला हवी होती. मी बाहेर जाऊन उभी राहिले. एक माणूस सायकल हातात धरून चालला होता. एक बाई मुलाला बूट घालत होती. मी त्या जागेकडे बघत राहिले आणि मग मला माझीच लाज वाटली.

मशीनची बादली चार दिवस कोरडी होती. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. पाणी बाहेर येत नव्हतं. काठ रोज मीटरभर आत जात होता आणि आमच्या बाजूला थेंबही पडत नव्हता.

"दादा," मी म्हटलं, "हे आपण सुकवत नाही आहोत."

त्याने मशीनचं बटण बंद केलं. खोली एकदम शांत झाली आणि त्या शांततेत भोकाचा आवाज ऐकू आला. बाटलीच्या तोंडाशी वारा लागतो तसा, पण फार खालचा. मी वहीचं पान फाडून त्याची पट्टी भोकापाशी धरली. ती भिंतीला चिकटली. हवा आत ओढली जात होती.

त्या दिवसापासून दादाने विनोद करणं सोडलं. मला ते कांबींपेक्षा जास्त जड गेलं.

५

सिस्टरांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. पण त्यांच्याच घरात पाच कांबी भिंतीत जात होत्या, त्यांना डोळे होते.

"बाजूला व्हा जरा," त्या म्हणाल्या. त्यांनी तळहात भोकावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने छातीला पिनने लावलेलं घड्याळ उलटं करून बघितलं. निवृत्तीनंतरही ते घड्याळ त्या तिथेच लावायच्या. मिनिटभर हात तसाच ठेवला.

"ओढ एकसारखी आहे," त्या म्हणाल्या. "किती दिवस झाले?"

"आज सहावा, भिंतीच्या बाहेर गेल्यापासून," मी म्हणाले आणि स्वतःच ऐकलं की मी काय बोलले.

"आणि रोज वाढतंय?"

"वाढत होतं. पाचवा आणि सहावा, दोन्ही दिवस सारखेच गेले. एक मीटर वीस आणि एक मीटर वीस."

"मग आता कमी होईल," सिस्टर म्हणाल्या. घाबरल्यासारख्या अजिबात दिसत नव्हत्या. तापाचा कागद वाचावा तसं बोलत होत्या.

दादा म्हणाला, "सिस्टर, नियमाने बघायला गेलं तर भिंत कोरडी आहे. पस्तीसच्या पस्तीस सेंटिमीटर. भोक बुजवतो, कोरडी झाल्याचा दाखला देतो, रंग मारून घ्या. आमचं काम संपलं."

त्याचं खरं होतं. दाखल्याचा फॉर्म माझ्या पिशवीत होता. मी तो काढलासुद्धा.

"पाळणा लावू ना मग?" सिस्टरांनी मला विचारलं. दादाला नाही, मला.

मी फॉर्म परत पिशवीत ठेवला.

६

पाच मीटर ऐंशी. सहा मीटर तीस. सहा मीटर चाळीस. मग पुन्हा सहा मीटर चाळीस, आणि कागदाची पट्टी भोकासमोर सरळ खाली लोंबत राहिली. हलली नाही. आवाजही नव्हता. त्या दिवशी आम्ही तिघंही खोलीत उगीचच बसून राहिलो. कुणाचा मृत्यू किंवा जन्म व्हायचा असतो तेव्हा घरातली माणसं बसतात तशी.

पुढच्या दिवशी सहा मीटर.

मी तीनदा मोजलं. पट्टी भोकापासून दूर उडत होती. हवा आमच्याकडे येत होती, गार, आणि तिला वास होता. ओल्या चुन्याचा नाही. पाटी पुसायला पाणी टाकलं की येतो तसा, दगडाचा.

मग पाच मीटर वीस. मग चार. मग अडीच. मी आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि पुढचा आकडा लिहायची गरज नव्हती. उद्या, गुरुवारी, काठ भिंतीत परत पोचणार होता.

सिस्टरांनी लेकीला फोन लावला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, पण दार उघडं होतं.

"अगं, इकडे नको येऊस. तिकडेच कर. मी येते तुझ्याकडे." मग बराच वेळ ऐकत राहिल्या. "तसं नाही गं. तू मला नको झालीयेस असं कसं म्हणतेस?" पुन्हा ऐकत राहिल्या. "खोली अजून ओली आहे म्हणून." शेवटी म्हणाल्या, "बरं, रागाव," आणि फोन ठेवला.

मी बाहेर आले. त्या फोनवर हात ठेवून बसल्या होत्या.

"तीन वर्षांनी येणार होती," त्या म्हणाल्या. "जावयाशी माझं बिनसलं होतं, तेव्हापासून आलीच नाही. हे बाळंतपण म्हणजे... असो. काय सांगणार होते तिला? भिंतीतलं पाणी परत येतंय म्हणून?"

७

गुरुवारी सकाळी दादा बादलीभर सिमेंट कालवून आला.

"भोक बुजवतो," तो म्हणाला. "एक भोक आहे, एक थापी मारली की संपलं. मला हे आत यायला नकोय."

"नका बुजवू," सिस्टर म्हणाल्या.

"का?"

"यायची वाट आहे ती. वाट अडवली की फाटतं. मी पाहिलंय."

दादा थापी हातात घेऊन उभा राहिला. मग त्याने बादली अंगणात नेऊन ठेवली. आम्ही खाट आणि कपाट बाहेर काढलं, दार उघडं ठेवलं आणि भिंतीसमोर उभे राहिलो. पळून का गेलो नाही, असं मला नंतर पुष्कळ वेळा वाटलं. तेव्हा मनातही आलं नाही.

अकराच्या सुमारास आवाज आला. रिकाम्या मोठ्या सभागृहात कुणी लांबलचक पडदा जमिनीवरून ओढत नेत असावं, तसा. हळूहळू जवळ. मग भोकाभोवती बांगडीएवढं काळं वर्तुळ उमटलं आणि बघता बघता सगळी भिंत गडद झाली. खालून नाही, वरून नाही, सगळीकडून. छतापर्यंत. मी जिन्याकडे डोकावून पाहिलं. तिकडचा तेलरंग कोरडा होता, कोळ्याचं जाळंसुद्धा जागच्या जागी.

जमिनीवर एक थेंब पडला नाही.

बारीक भोक पाणी सोडत नाही, उलट जितकं बारीक तितकं घट्ट धरतं, हे मला माहीत आहे. माझा धंदाच तो. पण ते माहीत असणं वेगळं आणि त्या भिंतीसमोर उभं असणं वेगळं. भिंतीच्या मागे किती होतं ते मला दिसत नव्हतं. कळत मात्र होतं, डोंगराच्या पायथ्याशी डोळे मिटून उभं राहिलं तरी डोंगर कळतो तसं. त्या सगळ्याला विटांच्या न दिसणाऱ्या भोकांनी धरून ठेवलं होतं. मला भीती वाटत होती, आणि भीतीच्या पलीकडे काहीतरी होतं, ज्यामुळे माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पेन्सिलीएवढ्या भोकाच्या तोंडाशी एक थेंब जमला होता. गोल, फुगलेला. खाली पडत नव्हता. त्याच्या आत उजेड होता. खिडकीचा नाही, कारण माझी सावली त्याच्यावर पडली होती. हिरवट उजेड, दिवसाचा, फार लांबून आलेला.

मी वाकले. थेंब भिंगासारखा होता. उजेड आणि उजेडाखाली खोल, खोल, नुसतं खोल पाणी.

मग उजेड गेला. काहीतरी समोरून जात होतं. अंग दिसलं नाही, कड दिसली नाही. नुसता अंधार एका बाजूने आला आणि सरकत राहिला.

माझ्या मागे सिस्टर हलक्या आवाजात सेकंद मोजत होत्या. वीस. तीस. चाळीस. काय असेल ते घाईत नव्हतं आणि आमच्याशी त्याला काही देणं-घेणं नव्हतं. सत्तेचाळीसला उजेड परत आला.

"गेलं," सिस्टर म्हणाल्या.

दादा भिंतीला पाठ करून, दोन्ही हात तोंडावर ठेवून उभा होता. दुपारी तीनपर्यंत भिंत तशीच राहिली. मग उजळायला लागली.

८

सिस्टर शनिवारी लेकीकडे गेल्या. पहिले दोन दिवस लेक बोलली नाही, असं त्यांनी फोनवर सांगितलं. तिसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या आणि मग बोलायला वेळच राहिला नाही. मुलगी झाली, तीन किलोची. जावयाने स्वतः सिस्टरांना तिथेच राहायला सांगितलं. त्या राहिल्या.

घराची किल्ली माझ्याकडे आहे. मी दाखला दिलेला नाही. आठवड्यातून दोनदा जाऊन आकडा घेते आणि सिस्टरांना कळवते. त्या मागे बाळ रडत असताना ऐकतात आणि म्हणतात, "ठीक आहे, वेळेवर आहे."

काठ पुन्हा सहा मीटर चाळीसपर्यंत गेला, थांबला आणि वळला. मी दादाला सांगितलं नव्हतं. त्या गुरुवारनंतर त्याने भोकं पाडायचं काम दुसऱ्या माणसाला दिलं होतं, तो आता फक्त मशीन पोचवतो. तरी काठ भिंतीत परत यायच्या सकाळी मी गेले तेव्हा तो दाराबाहेर जिन्यावर बसलेला होता.

"दिवस मलाही मोजता येतात. तुला एकटीला कशी सोडू," तो म्हणाला. "चल, उघड."

भिंत गडद झाली. थेंब जमला. हिरवा उजेड आला. या वेळी दादाने पाठ केली नाही, माझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. अंधार एका बाजूने आला आणि मी मोजायला लागले. वीस. चाळीस. सत्तेचाळीस झाले. साठ झाले. शंभर झाले.

अंधार सरकत नव्हता.

मी तीनशेपर्यंत मोजलं आणि मग मोजणं सोडलं. थेंब अजिबात थरथरत नव्हता. त्या अंधारात, अगदी मधोमध, काहीतरी जरा कमी काळं होतं. ओलसर, गोल, आणि त्यात आमची खिडकी इवलीशी दिसत होती. खिडकीच्या मधोमध एक काळा ठिपका होता. तो मी होते.

"चिमे," दादा कुजबुजला. एवढ्या हळू आवाजात बोललेला मी त्याला कधी ऐकला नव्हता. "ते बघतंय का आपल्याला?"

मला ठाऊक नव्हतं. मी त्याचा हात धरला आणि त्याला घेऊन खिडकीसमोरून बाजूला झाले, म्हणजे खोलीत उजेड पडेल आणि ते बघत असेल तर त्याला नीट दिसेल.